घरचा शास्त्रज्ञ

मळवाडीत सत्कार व्हायचा तो दोनच माणसांचा. एक फौजेतून पेन्शनीत आलेल्याचा आणि दुसरा साखर कारखान्यावर निवडून गेलेल्याचा. शास्त्रज्ञ नावाचा प्राणीही सत्काराला पात्र असतो, हे गावाला अगदी अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यामुळे डॉक्टर शंभूराज नलवडे उभं आयुष्य सेमीकंडक्टरवर संशोधन करून निवृत्त झाले आणि साताऱ्यात फ्लॅट घेऊन राहिले, तेव्हा गावाने त्यांना ना शाल दिली, ना श्रीफळ. नारळ त्यांना त्याआधी एकदा मिळाला होता, पण तो सरकारने त्यांचा अख्खा विभाग बंद केला तेव्हा.

म्हणून त्या रविवारी उंब्रजच्या फाट्यावर एस.टी.तून उतरल्यावर त्यांना फ्लेक्सवर स्वतःचं नाव दिसलं, तेव्हा आत कुठेतरी गोड वाटलं. शास्त्रज्ञाला असं वाटणं शोभत नाही, म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. फ्लेक्स अर्थात पुतणीचा होता. ‘मळवाडीची कन्या, देशाची शान, लेझर शास्त्रज्ञ डॉ. शिवांजली लालासाहेब नलवडे’. तिच्या मागे तिरंगा, तिरंग्यापुढे रणगाडा, वर दोन रॉकेट. तळाला बारीक अक्षरांत ‘अध्यक्ष : मा. शंभूराज नलवडे (साहेब)’. त्यांची डॉक्टरकी जागेअभावी गळाली होती. जागा ज्याने खाल्ली तो मजकूर असा होता : ‘सौजन्य : लेझर किंग साउंड अँड लाइट, प्रो. प्रा. जयराज नलवडे’.

ते प्रोप्रायटर जीप घेऊन न्यायला आले होते.

“काका, फ्लेक्स झ्याक झालाय न्हवं?”

“झाला की. पण हा रणगाडा कशाला रे? ती पत्रा कापायचे लेझर बनवते.”

“मग? पत्र्याचा फोटू टाकू? बाप्यामाणसाला बघून जोर तर आला पायजे,” जयराज म्हणाला आणि त्याने गियर टाकला.

एका आईच्या पोटी दोन लेझरवाले निपजावेत, हा नलवड्यांच्या घराण्यातला ताजा चमत्कार होता. मोठी शिवांजली लेझर शिकत राहिली, तोवर धाकटा जयराज लेझरवर कमवूही लागला. तिने पीएच.डी. केली, मग कोरियात गेली, मग जर्मनीत, मग परत येऊन मध्य प्रदेशातल्या एका सरकारी संस्थेत कंत्राटावर लागली. कंत्राट सहा महिन्यांचं. संपलं की पुन्हा सहा महिन्यांचं. घरी फोन केला की लालासाहेब एकच प्रश्न विचारत, “परमनंट कवा?” सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे गणित कधी सुटलंच नाही. त्यांची भरती एका सकाळीत झाली होती. पळाले, छाती मोजली, जेवायला बराकीत. एवढी शिकलेली पोर नऊ वर्षं नुसती पळतेच आहे आणि छाती कुणी मोजत नाही, ही कुठल्या देशाची भरती? मधल्या काळात जयराजने मात्र चीनहून रंगीत उजेडाची मशिनं मागवली आणि फलटणपासून पलूसपर्यंत एक वरात, एक जत्रा सोडली नाही. गावाच्या लेखी घरातला यशस्वी लेझरवाला तोच.

आता शिवांजली अखेर कायम झाली होती. तिच्यासाठी सत्कार होता. निदान फ्लेक्सवर तरी.

दुपारी पंगत बसली. मटणाचं कालवण, बाजरीची भाकरी. वाढताना राजेश्वरीवहिनींनी नळी उचलली आणि ती शंभूराजांच्या ताटात टाकली. या घरात नळी लालासाहेबांची. त्यांच्या आधी ती त्यांच्या वडिलांची होती. दिल्लीहून सुट्टीला येणाऱ्या धाकट्या दिराच्या वाट्याला इतक्या वर्षांत रस्सा आणि बटाटा आला, आणि जेवण झालं की शेजारणी आपापले बिघडलेले मिक्सर घेऊन यायच्या. आई बनुबाई जाईपर्यंत सांगत राहिली, की धाकला दिल्लीत रेडिओ दुरुस्त करतो. ते सांगायला सोपं पडायचं. डॉक्टर शंभूराजांना मिक्सर कधीच दुरुस्त करता आला नाही, यावरून त्यांच्या शिक्षणाबद्दल गावाने काय ते मत बनवलं होतं. ताटात नळी पडली तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. ते चोखत बसले.

“शिवे, एक काम हाय,” लालासाहेबांनी सुरुवात केली. “दोन वळी लिवून द्यायच्या. तुज्या हापिसाच्या कागदावर.”

“कशाबद्दल, आबा?”

“जयाच्या मशिनीबद्दल. तिच्या उजेडानं डोळ्याला काय हुईत न्हाई म्हणून.”

शिवांजलीचा हात थांबला. काय झालं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याचा उच्चार होत नव्हता. गावच्या जत्रेत जयराजच्या मशिनीचा झोत कृष्णातच्या उजव्या डोळ्यात गेला होता. कृष्णात गावचा फोटोग्राफर. बारशापासून दहाव्यापर्यंत नलवड्यांच्या घरातला प्रत्येक फोटो त्याने काढलेला. पंधरवडाभर त्याने कुणाला काही सांगितलं नाही, मग सांगलीला डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला आणि तिथून आल्यावर त्याने पोलिसांत तक्रार दिली. लालासाहेबांच्या वकिलाचं म्हणणं असं, की एखाद्या शास्त्रज्ञाने लेखी दिलं की उजेड निरुपद्रवी आहे, तर तक्रारीत काही दम उरणार नाही.

“आबा, त्यो उजेड निरुपद्रवी न्हाई,” शिवांजली म्हणाली. एरवी पुस्तकी बोलणारी पोर रागावली की मळवाडीवर यायची. “त्याच्या डोळ्याचा पडदा भाजलाय. मधोमध. त्या डोळ्यानं समोरच्या माणसाचं तोंड सोडून बाकी सगळं दिसतंय त्याला. सांगलीचा रिपोर्ट मी वाचलाय.”

“तुला कुणी दिला?”

“मी मागून घेतला.”

“घ्या! भावाचा खटला आन् भईण पुरावं गोळा करतीया,” लालासाहेब म्हणाले.

जयराज भाकरी मोडत होता, खात नव्हता. “ताय, मी काय मुद्दाम केलं का? आरशाची मोटर अडाकली. उजेड नाचायचा थांबला. म्हणून म्या नेहमीसारखी थाप मारली.”

“थाप?”

“मग! थाप मारल्याबिगर कंचं मशिन चालतंय आपल्यात? आबांचा पंप थापंवर चालतोय. आईचा टीवी थापंवर.”

हे खरं होतं. नलवड्यांच्या घरात विजेची कुठलीही वस्तू पहिल्या दिवसापासून तळव्याच्या वळणाला लावली जायची. पण पंपाला थाप मारली तर फार तर पाणी येत नाही. जयराजने थाप मारली तेव्हा नाचून नाचून पसरणारा झोत जिथल्या तिथे उभा राहिला, आणि तो जिथे उभा राहिला तिथे कृष्णात स्टेजचा फोटो घेत होता.

“त्यानं वर बघायचंच कशाला?” लालासाहेब म्हणाले.

“फोटोवाला वर बघणार नाही तर काय, आपल्या चपला बघणार?” शिवांजली म्हणाली.

“बाई, तुज्या पाया पडते,” राजेश्वरीवहिनी मध्ये आल्या. “भाऊ हाय तुजा. त्याला आत घातल्यावर मी काय त्या फ्लेक्सकडं बघत बसू?”

“आई, नऊ वर्षं मी दर सहा महिन्यांनी सामान बांधून ठेवलंय. आत्ता कुठं टेबलावर माझ्या नावाची पाटी आली. त्या नावानं पहिली सही खोट्यावर करू?”

“घरापरास पाटी मोठी झाली व्हय?” लालासाहेबांनी विचारलं.

शिवांजली उठली. ताट उचलून ती मोरीकडे गेली. पंगतीत कुणी कुणाकडे बघेना. मग लालासाहेब हळूच वळले, आणि जन्मात वापरला नव्हता असा आवाज काढून म्हणाले, “शंभू, तूबी शास्त्रज्ञच की रं.”

शंभूराजांना नळी आठवली. ती संपलेली होती.

“माझं क्षेत्र वेगळं, दादा. मी सेमीकंडक्टरवाला.”

“त्येच त्ये. या मशिनीत त्येच आसतंय म्हणं. वकीलबी म्हणला, थोरला शास्त्रज्ञ आसला तर लय वजन पडंल. मी म्हणलं, आमच्या घरचाच हाय. दिल्ली गाजवून आलाय.”

दिल्ली गाजवून! दिल्लीत शंभूराजांच्या संस्थेच्या दरवाजावरचा चौकीदारसुद्धा त्यांना शेवटपर्यंत ओळखपत्र विचारायचा. पण थोरल्या भावाच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं आणि आपण खरोखरच काहीतरी गाजवलं होतं असं त्यांना पाच मिनिटं वाटत राहिलं. माणूस पासष्टीचा झाला म्हणून थोरल्या भावाकडून शाबासकी घ्यायची हौस काही फिटत नाही.

“आधी मशीन दाखव,” ते जयराजला म्हणाले.

गोठ्याच्या मागच्या शेडमध्ये जयराजने पान्ह्याने झाकण उघडलं. आत धूळ, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता, दोन चिमुकले आरसे, आणि एका पितळी पट्टीवर ओळीने बसवलेले ज्वारीच्या दाण्याएवढे डायोड. तांबडे, हिरवे, निळे उजेड फेकणारे. शंभूराज वाकले ते वाकलेच राहिले.

यातला तांबडा डायोड बनवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. भट्टीत पातळ थरावर पातळ थर चढवायचा, एका थरात धुळीचा कण शिरला की आठवड्याची मेहनत कचऱ्यात. वीज गेली की कचऱ्यात. परदेशातून येणारा वायू बंदरात अडकला की भट्टीच थंड. शेवटी एक डायोड उजळला. चहा येईपर्यंत जळला आणि विझला. तेवढ्या वेळात सगळ्या विभागाने एकमेकांना मिठ्या मारल्या. पुढच्या वर्षी वरून निर्णय आला, की बाहेरचा माल स्वस्त पडतो, तेव्हा हे थांबवावं. शंभूराजांना दुसऱ्या विभागात खुर्ची मिळाली, आणि निवृत्तीपर्यंत ते ती बसून राखत राहिले. आता तोच डायोड, भावंडांसकट, पुतण्याच्या शेडमध्ये वरातीच्या धुळीत पडला होता. त्यांना हेवा वाटला. मशिनीचा वाटला, चीनचा वाटला, आणि थाप मारून का होईना ती चालवणाऱ्या या पोराचासुद्धा वाटला.

“सुंदर आहे ना, काका?” शिवांजली मागे येऊन उभी होती. “जयराज, पेटीवर लिहिलंय त्याच्या कितीतरी पट ताकद आहे याची. ही डोळ्यापुढे यायलाच नको होती.”

“मला काय म्हाईत, ताय. पेटीवरचं चिनी वाचायला मी काय चीनला शिकलोय?” जयराज म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

“तुम्ही सही करणार नाही ना?” तिने विचारलं.

“बघू.”

“काका! तुमच्या लॅबमध्ये कुणी खोटा आकडा टाकला असता तर?”

“लॅबमध्ये मला कुणी नळी वाढली नव्हती,” शंभूराज म्हणाले.

ती हसली. मग ते चेष्टा करत नाहीत हे तिच्या लक्षात आलं आणि तिचं हसू गेलं. तिला दहावीत असताना त्यांनी भिंग आणि आरसा आणून दिला होता, आणि गावातल्या मास्तरांना न पटलेले तिचे प्रश्न पत्रातून सोडवले होते. त्यांच्याच पायवाटेवरून ती इथवर आली होती. पण पायवाट पाडणाऱ्याला कुणी फेटा बांधत नाही, ही गोष्ट शंभूराजांना फार दिवस सलत होती, आणि आज ते सलणं सत्यापेक्षा वरचढ ठरलं.

चारच्या सुमाराला लालासाहेबांनी वकिलाने टाईप केलेला कागद समोर धरला. ‘सदर प्रकाशझोत मानवी नेत्रास सर्वथा निरुपद्रवी असून’ वगैरे. खाली ‘डॉ. शंभूराज नलवडे, ज्येष्ठ शास्त्रज्ञ’. डॉक्टरकी परत आली होती, वर ज्येष्ठही लागलं होतं. शंभूराजांनी कागद दोनदा वाचला. मजकुरात ताकद वॅटमध्ये हवी तिथे व्होल्ट लिहिले होते. ती चूक त्यांना सहन होईना. त्यांनी पेन काढून व्होल्ट खोडले, वॅट केले, बाजूला आद्याक्षरं घातली आणि खाली सही केली. खोटं बोलायचं तर निदान एकक बरोबर हवं, एवढी शिस्त संस्थेने त्यांच्या अंगी बाणवली होती.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे मांडव भरला. मांडव, खुर्च्या, माइक, सगळं लेझर किंगचं. उजेडाची मशिनं तेवढी वहिनींनी लावू दिली नाहीत. शंभूराजांना फेटा बांधला गेला. आयुष्यातला पहिला. तो कानावर घट्ट बसला होता, आणि त्यांना वाटत होतं की निदान आज कुणी ओळखपत्र विचारणार नाही. शिवांजली शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवून कृष्णात आला.

“तुला कुणी बलावलं रं?” लालासाहेबांनी स्टेजवरूनच विचारलं.

“गावचा कार्यक्रम हाय, आबा. मी न्हाई तर फोटू कोण काढणार?” कृष्णात म्हणाला. सवयीने त्याने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला, थांबला, आणि डाव्याला लावला. “शंभूकाका, जरा मान वर. उजव्या डोळ्याला त्वांड दिसत न्हाई, पर कॅमेऱ्याला दिसतंय.”

शंभूराजांनी मान वर केली.

मग लालासाहेब बोलायला उठले. लेकीचं कौतुक त्यांनी दोन वाक्यांत आटोपलं, कारण ती काय करते ते त्यांना माहीत नव्हतं. जे माहीत होतं त्यावर ते लगेच आले. खिशातून कागद काढून त्यांनी वर धरला. “मंडळी, आमच्या जयावर एक बालंट आलं. पर आमच्या घरात एक न्हाई, दोन शास्त्रज्ञ हायेत. माज्या भावानं, दिल्लीच्या शास्त्रज्ञानं, ह्ये लिवून दिलंय. मशिनीत खोट न्हाई!”

टाळ्या झाल्या. शिवांजलीने पहिल्यांदा काकांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर शंभूराजांना चाललं असतं. तिथे ओळखच नव्हती.

कृष्णातने कॅमेरा खाली केला. तो स्टेजजवळ आला. भांडेल असं सगळ्यांना वाटलं, दोघेतिघे पुढेही सरसावले. पण तो भांडला नाही.

“काका, तुमी सोता लिवलंय?”

शंभूराजांनी होकारार्थी मान हलवली.

“मग खरं आसंल,” कृष्णात म्हणाला. “तुमी काय खोटं लिवणार न्हाई. माज्याच डोळ्यात आधीपासनं कायतरी खोट आसंल. म्या उगं जयावर आळ घातला. उद्या जाऊन तक्रार काढून घेतो.”

असं म्हणून तो पुन्हा आपल्या जागेवर गेला आणि डाव्या डोळ्याने फोटो घेऊ लागला.

आयुष्यभर शंभूराजांची एक तक्रार होती, की आपल्या ज्ञानावर या गावात कुणाचा विश्वास नाही. आता सगळ्या मळवाडीत एका माणसाने तो ठेवला होता. आपल्या भाजलेल्या डोळ्यापेक्षा त्याने त्यांची सही खरी मानली होती. इतकी लाज त्यांना विभाग बंद झाला तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा दोष दुसऱ्यांचा होता.

“आता अध्यक्षीय भाषण,” कुणीतरी पुकारलं.

ते उठले. ‘विज्ञान आणि ग्रामविकास’ हे भाषण त्यांच्या खिशात होतं, ते खिशातच राहिलं. माइकसमोर उभं राहून ते म्हणाले, “मंडळी, हा जो कागद माझ्या भावाने दाखवला, त्यावरची सही माझी आहे. पण त्यातला मजकूर...”

माइक बंद पडला.

मांडवाच्या टोकाला आवाजाच्या मशिनीपाशी जयराज बसला होता. त्याचा हात बटणावर होता आणि नजर बापाकडे. शंभूराज बोलत राहिले, पण त्यांचा आवाज प्रयोगशाळेत मुरलेला, टेबलाच्या पलीकडे न जाणारा. पहिल्या रांगेतलीही माणसं कानाला हात लावू लागली. “लाईट गेली काय?” कुणीतरी विचारलं. लालासाहेबांनी भावाचा दंड धरला. “खाली बस, शंभू. झालं तुजं भाषण.”

“दादा, हात सोडा.”

“घर बुडवतोस व्हय रं?”

बायकांच्या रांगेतून राजेश्वरीवहिनी उठल्या. पदर खोचून त्या सगळ्या मांडवातून चालत टोकाला गेल्या आणि लेकासमोर उभ्या राहिल्या.

“जया, आवाज सोड.”

“आई, तुला कळतंय का काका काय बोलायला लागल्यात त्ये?”

“कळतंय. कृष्णात त्याचा डोळा सोताच खोटा म्हणून गेला, त्येबी कळलं. आवाज सोड.”

जयराज पुन्हा बापाकडे बघू लागला. वहिनींनी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. “तिकडं नगं बघू. माज्याकडं बघ.” दुपारी याच पोरासाठी लेकीच्या पाया पडायला निघालेल्या बाईने हनुवटी सोडली नाही.

कर्णे खरखरले. शंभूराजांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

“कृष्णातचा डोळा चांगला होता,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज देवळाच्या पलीकडे, पार हायवेपर्यंत गेला. “तो आमच्या मशिनीनं भाजलाय. मला ते दुपारीच माहीत होतं. मी खोटं लिहून दिलंय.”

“बंद कर त्ये!” लालासाहेब स्टेजवरून गरजले. “जया, बंद कर म्हणतो!”

जयराजचं बोट बटणावरच होतं. त्याने आवाज बंद केला नाही.